सुपरचार्जर की टर्बोचार्जर? झाशीच्या उन्हात निवडीचा खरा कस

झाशी : स्पोर्ट्स कार घेताना सुपरचार्जर असलेली घ्यावी की टर्बोचार्जर असलेली, हा मोटारींच्या हौशी मंडळींतला कधीच न मिटणारा वाद आहे. त्याचे निम्मे उत्तर झाशीच्या रेल्वे फलाटावर कित्येक दशके उघड्यावर दिसत आले. अल्को जातीचे डिझेल इंजिन गाडी घेऊन निघते, चालक हँडल पुढच्या नॉचवर नेतो आणि इंजिनाच्या डोक्यावरून काळ्या धुराचा जाड लोट उसळतो. काही सेकंदांनी तो विरळ होतो, आवाजाची पट्टी चढते आणि मग गाडीला खरा जोर येतो. त्या काही सेकंदांत इंजिनाला वाढीव इंधन मिळालेले असते. ते जाळण्यापुरती हवा मात्र अजून पोहोचलेली नसते. टर्बोचार्जरची ही सर्वांत जुनी खोड आहे आणि सुपरचार्जरच्या बाजूने बोलणाऱ्यांचा सारा युक्तिवाद तिच्यावरच उभा आहे.

झाशीच्या डिझेल शेडमध्ये या अल्को इंजिनांची देखभाल दीर्घकाळ झाली. 2003 मध्ये उत्तर मध्य रेल्वेत समाविष्ट होण्यापूर्वी झाशी विभाग मध्य रेल्वेत होता. त्यामुळे पुण्याचे घोरपडी किंवा कल्याणचे शेड ज्यांनी पाहिले आहे, त्या रेल्वे कुटुंबांना हा धूर आणि ही शिटीसारखी चढत जाणारी आस अपरिचित नाही. या इंजिनांच्या इतिहासातील एक तपशील मोटारींच्या प्रश्नालाही थेट लागू पडतो. 16 सिलिंडरांचे डब्ल्यूडीएम-2 हे इंजिन 2,600 अश्वशक्तीचे होते. त्याच घडणीतून पुढे आलेले डब्ल्यूडीएम-3ए 3,100 अश्वशक्तीपर्यंत पोहोचले. सिलिंडरांची संख्या वाढली नाही, त्यांचा आकारही वाढला नाही. अधिक कार्यक्षम टर्बोचार्जर, हवा गार करणारा मोठा कूलर आणि इंधनपंप व कॅमशाफ्टमधील सुधारणा यांतून ही 500 अश्वशक्ती आली. लोखंड तेच राहिले, आत जाणारी हवा वाढली.

हवेचा हिशेब

इंजिनाला शक्ती पेट्रोलमधून मिळते हे खरे, पण त्याची मर्यादा हवा ठरवते. एक किलो पेट्रोल पूर्ण जाळण्यासाठी सुमारे 14.7 किलो हवा लागते. म्हणजे एक लिटर पेट्रोलमागे जवळपास 11 किलो हवा, साधारण नऊ घनमीटर, इंजिनाने ओढून घ्यावी लागते. पेट्रोल हवे तेवढे फवारता येते. हवा मात्र दट्ट्या खाली जाताना निर्माण होणाऱ्या पोकळीत मावेल तेवढीच येते. ती दाबून भरली तर त्याच सिलिंडरात जास्त इंधन जळते. सुपरचार्जर आणि टर्बोचार्जर ही दोन्ही यंत्रे एवढेच काम करतात, हवा दाबतात. फरक आहे तो दाबण्यासाठी लागणारे बळ कोठून घ्यायचे याचा.

सुपरचार्जर ते बळ इंजिनाच्या क्रँकशाफ्टकडून घेतो, बहुधा पट्ट्याच्या साह्याने. त्याचा एक जुना प्रकार रूट्स या नावाने ओळखला जातो. अमेरिकेतील इंडियाना प्रांतातील फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या बंधूंनी 1860 मध्ये त्याचे पेटंट घेतले, तेव्हा मोटार जन्मालाही आली नव्हती. हवा ढकलणारे हे यंत्र भट्ट्यांसाठी वापरले जात असे. एकमेकांत गुंतून फिरणारे दोन दांडे हवा एका बाजूने उचलतात आणि दुसऱ्या बाजूला ढकलतात. त्याच कुळातला दुसरा प्रकार स्क्रूसारख्या दोन दांड्यांचा. तो हवा आतल्या आत दाबत नेतो, म्हणून अधिक कार्यक्षम ठरतो. तिसरा केंद्रोत्सारी प्रकार दिसायला टर्बोच्या निम्म्या भागासारखा असतो, पण त्याचाही पट्टा क्रँकशाफ्टलाच जोडलेला असतो.

टर्बोचार्जर हे बळ वाया जाणाऱ्या गरम वायूंतून घेतो. पेट्रोलमधल्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश चाकांकडे वळते, एक तृतीयांश रेडिएटर व इंजिनाच्या अंगातून निघून जाते आणि उरलेली सायलेन्सरवाटे बाहेर पडते. या तिसऱ्या वाट्यावर स्विस अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांची नजर गेली आणि 1905 मध्ये त्यांनी पेटंट घेतले. बाहेर पडणाऱ्या वायूंच्या झोतात एक चक्र ठेवायचे, त्याच्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चक्र बसवायचे. पहिले वायूने फिरते, दुसरे ताजी हवा दाबते. मोटारींतील लहान टर्बोचे हे चक्र मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेऊ शकते आणि पेट्रोल इंजिनात त्याच्यावर आदळणारे वायू 900 अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ शकतात.

पट्ट्याची किंमत किती, हे आकड्यांत पाहिलेले बरे. दोन लिटरचे एखादे इंजिन मिनिटाला 6,000 फेऱ्यांवर चालत आहे आणि त्यात हवा वातावरणाच्या 1.7 पट दाबाने भरली जात आहे, असे धरू. रूट्स जातीचा साधा सुपरचार्जर फिरवायला अशा वेळी सुमारे 20 अश्वशक्ती लागते. इंजिन 200-220 अश्वशक्ती देत असेल तर जवळपास दहावा हिस्सा झाला. अमेरिकेतील डॉज कंपनीच्या 707 अश्वशक्तीच्या हेलकॅट इंजिनात सुपरचार्जर पूर्ण वेगात एकटाच सुमारे 80 अश्वशक्ती खातो, म्हणजे भारतातल्या एका मध्यम आकाराच्या मोटारीचे अख्खे इंजिन. टर्बोचे काम पूर्ण फुकटात होते असेही नाही. बाहेर पडणाऱ्या वायूंच्या वाटेत चक्राचा अडसर आला की दट्ट्याला ते ढकलताना थोडा अधिक जोर लावावा लागतो. पण हा तोटा तुलनेने लहान असतो, आणि इंधनाच्या हिशेबात टर्बो पुढे राहतो तो यामुळेच.

उशिराची किंमत

मग सुपरचार्जर घ्यायचाच कशाला? कारण त्याला उशीर होत नाही. तो इंजिनाला जखडलेला असतो. इंजिन फिरले की तोही फिरतो. टर्बोच्या बाबतीत आधी इंधन जळावे लागते, मग वायू वाढतात, मग चक्राला गती येते, मग हवा येते, मग आणखी इंधन जळते. हे रहाटगाडगे सुरू होण्यास लागणारा वेळ म्हणजेच टर्बो लॅग. रेल्वे इंजिनात तो काळ्या धुराने दिसतो. पेट्रोल मोटारीत धूर दिसत नाही, कारण तिचा संगणक हवा मोजूनच इंधन सोडतो. तिथे हा उशीर चालकाला पाठीत जाणवतो. पाय दाबला तरी गाडी क्षणभर ऐकत नाही, आणि मग एकदम धावते.

सरळ महामार्गावर हा क्षण सहज सोसता येतो. आंबोली किंवा वरंधा घाटात वळणातून बाहेर पडताना तोच क्षण अप्रिय ठरतो, कारण तिथे चालकाला पायाच्या दाबाबरोबर तोलून मोजून ताकद हवी असते. वळणाच्या मध्यावर अपेक्षा नसताना उसळून आलेली ताकद मागच्या चाकांची पकड सोडवू शकते. सत्तरच्या दशकातील पोर्शे 911 टर्बोची जी धास्ती सांगितली जाते ती याच स्वभावाची होती.

हा पेच सोडवण्याचा एक मार्ग भारतीय रेल्वेच्याच ताफ्यात आहे. 1999 पासून भारतात आलेल्या डब्ल्यूडीजी-4 मालगाडी इंजिनांत मूळ अमेरिकी ईएमडी कंपनीच्या रचनेचे दोन-स्ट्रोक यंत्र आहे. दोन-स्ट्रोक यंत्रात दट्ट्या स्वतः हवा ओढून घेत नाही. ती सुरुवातीपासून बाहेरून ढकलावी लागते. नुसता टर्बो लावला तर यंत्र सुरूच होणार नाही. त्यामुळे त्याच्या टर्बोला दातेरी चाकांनी क्रँकशाफ्टशी जोडलेले असते. कमी नॉचवर इंजिन त्याला स्वतः फिरवते, म्हणजे तो त्या वेळी सुपरचार्जर असतो. वरच्या नॉचवर वायूंचा जोर पुरेसा झाला की एक क्लच जोड सोडून देतो आणि तो खराखुरा टर्बोचार्जर होतो. ईएमडीने ही युक्ती पन्नासच्या दशकाच्या अखेरीसच बाजारात आणली होती. सुपरचार्जर की टर्बोचार्जर या प्रश्नाला रेल्वेने दिलेले उत्तर असे दोन्हींचे आहे, फक्त ज्याच्या त्याच्या वेळी.

मोटार कंपन्यांनीही दोन्ही एकत्र करून पाहिले. 1985 च्या लान्सिया डेल्टा एस-4 या रॅली मोटारीत दोन्ही यंत्रे होती, पुढे फोक्सवॅगनच्या 1.4 लिटर इंजिनातही. त्यात वजन, गुंतागुंत आणि खर्च वाढला. अलीकडे हीच कल्पना विजेच्या रूपाने परतली आहे. टर्बोच्या दांड्यावर एक छोटी मोटर बसवायची, वायूंची वाट न पाहता चक्र आधीच फिरवून ठेवायचे. मर्सिडीज-एएमजीने 2022 मध्ये एसएल 43 मध्ये आणि पोर्शेने 2024 मध्ये 911 करेरा जीटीएसमध्ये ती वापरली. मालगाडीच्या इंजिनातील दातेरी चाकाचे काम इथे वीज करते.

एकाच इंजिनाची दोन रूपे

वादाचा निकाल लावायला उत्तम पुरावा म्हणजे एकाच घराण्यातील दोन इंजिने. पुण्यात जुळणी होणाऱ्या मर्सिडीज सी-क्लासच्या पाठीवर एके काळी ‘कॉम्प्रेसर’ अशी अक्षरे असत. सुपरचार्जरचे हे जर्मन नाव. 2010 च्या आसपास ती अक्षरे गेली आणि त्यांच्या जागी टर्बोचे इंजिन आले. याच कुळातील एसएलके 200 या दोन आसनी स्पोर्ट्स कारमध्येही तोच बदल झाला. जुन्या पिढीच्या शेवटच्या आवृत्तीत 1,796 सीसीचे सुपरचार्जर इंजिन 184 अश्वशक्ती देत असे, आणि 250 न्यूटन मीटरचा टॉर्क 2,800 ते 5,000 फेऱ्यांदरम्यान मिळे. 2011 मध्ये आलेल्या नव्या पिढीत 1,796 सीसीच, अश्वशक्तीही 184 च. पण टर्बोमुळे टॉर्क 270 न्यूटन मीटर झाला आणि तो 1,800 फेऱ्यांपासूनच मिळू लागला.

हे आकडे महत्त्वाचे आहेत, कारण ते जुन्या समजुतीच्या उलट जातात. खालच्या फेऱ्यांत सुपरचार्जर बलवान आणि वरच्या फेऱ्यांत टर्बो, अशी विभागणी पूर्वी केली जात असे. लहान, हलके चक्र आणि सिलिंडरात थेट इंधन फवारणारी यंत्रणा आल्यावर टर्बोने खालचा मुलूखही काबीज केला. अर्थात हे आकडे स्थिर स्थितीतले असतात. 1,800 फेऱ्यांवर पूर्ण टॉर्क मिळतो म्हणजे पाय दाबताच मिळतो असे नव्हे. चक्राला गती घ्यायला लागणारा अर्धा-पाऊण क्षण कागदावर येत नाही. तेवढ्या क्षणासाठी सुपरचार्जरला पसंती देणारा चालक चुकीचा नाही. मात्र त्याने त्याची किंमत ओळखून ती द्यावी.

टाटा मोटर्सने 2008 मध्ये विकत घेतलेल्या जॅग्वारने एफ-टाइप या स्पोर्ट्स कारमध्ये ही पसंती दीर्घकाळ जपली. तिची व्ही-6 आणि व्ही-8 इंजिने सुपरचार्जरवर चालत. 2017 मध्ये 300 पीएसचे दोन लिटर टर्बो इंजिन जोडीला आले आणि 2024 मध्ये ही मोटारच बंद झाली. शेव्हरोले कॉर्व्हेटच्या झेडआर-1 या सर्वांत तिखट आवृत्तीने दोन पिढ्या सुपरचार्जर वापरला आणि 2024 मध्ये जाहीर झालेल्या पिढीत दोन टर्बोंची वाट धरली. नव्या मोटारींत सुपरचार्जर आता दुर्मिळ होत चालला आहे. त्याचा तो पट्टेदार, किंचित रडका, उंच स्वर ज्यांना आवडतो त्यांना बहुधा वापरलेल्या मोटारींच्या बाजारातच शोध घ्यावा लागेल.

पारा 45 वर

देशाच्या उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम या दोन महामार्ग मालिका झाशीत एकमेकींना छेदतात. ग्वाल्हेर, ललितपूर, शिवपुरी आणि कानपूर अशा चारही दिशांना रुंद, बहुतांशी सरळ रस्ते जातात. वेगवान मोटारीला मोकळे सोडण्याचा मोह व्हावा असे. पण इथला उन्हाळा युरोपातल्या अभियंत्याच्या कल्पनेबाहेरचा आहे. मे-जूनमध्ये 45 अंशांच्या पुढे जाणारा पारा इथे नवलाचा नाही, आणि हवा दाबणाऱ्या इंजिनाच्या दृष्टीने सुपरचार्जर की टर्बोचार्जर यापेक्षाही मोठा प्रश्न तिथून सुरू होतो.

गरम हवा विरळ असते. जानेवारीच्या पहाटे आठ अंशांवर आणि जूनच्या दुपारी 45 अंशांवर झाशीच्या एक घनमीटर हवेच्या वजनात सुमारे 13 टक्क्यांचा फरक पडतो. साध्या, हवा न दाबणाऱ्या इंजिनाची ताकद त्याच प्रमाणात घटते. सुपरचार्जरचा वेग पट्ट्याने बांधलेला असल्याने तोही ठराविक घनफळच उचलतो. विरळ हवेचा तोटा त्याच्यातून तसाच पुढे जातो. टर्बोवर मात्र संगणकाचे नियंत्रण असते. चक्राला बगल देऊन काही वायू बाहेर सोडणारी झडप थोडी मिटली की चक्र अधिक वेगाने फिरते आणि कमी पडलेला दाब बऱ्याच अंशी भरून काढते. लडाखच्या उंचीवर टर्बो मोटारी साध्या मोटारींइतक्या दमत नाहीत, त्याचेही कारण हेच.

पण सायकलचा पंप हाताला गरम लागतो, तशी दाबलेली प्रत्येक हवा तापते. बाहेर 45 अंश असताना हवा 1.7 पट दाबली, तर चांगल्या टर्बोतून ती सुमारे 120 अंशांवर बाहेर पडते आणि कमी कार्यक्षम रूट्स सुपरचार्जरमधून सुमारे 140 अंशांवर. ती तशीच सिलिंडरात गेली तर 70 टक्के जास्त दाबातून प्रत्यक्ष हवा 30 ते 38 टक्केच जास्त मिळते. उरलेला दाब नुसत्या उष्णतेचा असतो. मधे चांगला इंटरकूलर असेल आणि हवा 60 अंशांपर्यंत उतरली, तर हीच वाढ 60 टक्क्यांच्या वर जाते. इंटरकूलर हवा बाहेरच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. झाशीच्या दुपारी त्याचा तळच 45 अंशांवर असतो. म्हणून या प्रदेशात मोटारीची पारख करताना बॉनेटखाली कोणता चार्जर आहे हे विचारण्याआधी इंटरकूलर किती मोठा आणि त्याच्यावर वारा कोठून येतो, हे विचारणे अधिक उपयोगाचे.

या कसोटीवर अनेक सुपरचार्जर मोटारी थोड्या मागे पडतात. व्ही आकाराच्या इंजिनात सुपरचार्जर बहुधा दोन फळ्यांच्या मधोमध, इंजिनाच्या माथ्यावर बसवलेला असतो आणि त्याचा कूलर पाण्यावर चालतो. एकदा सारे तापले की ते लवकर निवत नाही. एखादा जोरदार धाव छान होतो, तिसऱ्या-चौथ्या धावेत संगणक ताकद आवरती घेतो. डॉजने 2018 च्या डेमन मोटारीत या उष्णतेवर उपाय म्हणून चालकाच्या वातानुकूलन यंत्रणेतले गार द्रव्यच कूलरकडे वळवले. अडचण किती खरी आहे ते यावरून कळावे. टर्बोचीही आपली उष्णता असते. लालभडक तापणारे त्याचे घर बॉनेटखालच्या रबरी नळ्या, वायर आणि प्लॅस्टिक भाजून काढते. मात्र त्याचा इंटरकूलर बहुतेकदा पुढच्या जाळीमागे वाऱ्याच्या तोंडावर ठेवता येतो.

उष्ण हवेचा दुसरा धोका नॉकिंगचा. ठिणगी पडल्यावर ज्योत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे शिस्तीत जायला हवी; हवा फार तापलेली असेल तर उरलेले मिश्रण आपोआप पेटते आणि दट्ट्यावर हातोडा बसल्यासारखे आघात होतात. असे आघात सतत झाले तर दट्ट्याची कड तुटते. त्यापासून वाचण्यासाठी संगणक ठिणगी उशिरा टाकतो, आणि ताकद पुन्हा घटते. इंधनाचा ऑक्टेन अंक जितका जास्त तितके हे टळते. म्हणूनच इंडियन ऑइलचे एक्सपी-100 सारखे 100 ऑक्टेनचे पेट्रोल महागड्या मोटारींचे मालक शोधत असतात. डिसेंबर 2020 मध्ये ते मोजक्या शहरांत मिळू लागले.

इथे इथेनॉलचा मुद्दा येतो. 20 टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलवर तक्रारींचा सूर अधिक ऐकू येतो, पण हवा दाबणाऱ्या इंजिनाच्या दृष्टीने त्याला दुसरी बाजू आहे. शुद्ध इथेनॉलचा ऑक्टेन अंक 108 च्या घरात असतो, आणि त्याची वाफ होताना ते सिलिंडरातली उष्णता पेट्रोलपेक्षा बरीच जास्त शोषून घेते. म्हणजे नॉकिंगला ते दोन बाजूंनी आवरते. उलट बाजूला, लिटरमागे त्याची ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश असल्याने 20 टक्के मिश्रणात सहा-सात टक्क्यांची तूट येते आणि फवारणीला तेवढे जास्त इंधन द्यावे लागते. मोटार त्या मिश्रणासाठी बनवलेली असेल तर हे सारे संगणक सांभाळतो. दहा-पंधरा वर्षांपूर्वी आयात केलेल्या स्पोर्ट्स कारच्या नळ्या, सील आणि पंप त्यासाठी बनलेले असतीलच असे नाही. खरेदीपूर्वी उत्पादकाच्या पुस्तिकेत ते पाहून घ्यावे. कोल्हापूरच्या उसातून निघालेले इथेनॉल झाशीच्या पंपावर एखाद्या जर्मन टर्बोला नॉकिंगपासून वाचवीत असेल, हा विचार गमतीचा असला तरी अशास्त्रीय नाही.

कायद्याची वेस

परदेशी चित्रफिती पाहून साध्या मोटारीला बाहेरून सुपरचार्जर किंवा टर्बोचा संच बसवून घेण्याची कल्पना अनेकांना सुचते. भारतात ही वाट जवळजवळ बंद आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार वाहनात असा बदल करता येत नाही, ज्यामुळे नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलांहून वेगळा होईल. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मधील निकालात हाच अर्थ स्पष्ट केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182-ए नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

दंडापेक्षा मोठी भीती विम्याची आहे. अपघातानंतर तपासणीत इंजिनाला जोडलेले, नोंदीत नसलेले यंत्र आढळले तर दावा अडकू शकतो. वॉरंटी तर आधीच संपलेली असते. यांत्रिक आक्षेपही तेवढाच बळकट आहे. हवा न दाबणाऱ्या इंजिनात मिश्रण आधीच 10-11 पट दाबले जाते. त्यावर बाहेरून आणखी दाब आणला तर झाशीच्या जूनमध्ये नॉकिंग अटळ आहे. मूळ टर्बो इंजिनांत दट्टे, कनेक्टिंग रॉड, तेलाचे मार्ग आणि रेडिएटर त्या ताणासाठीच आखलेले असतात. गॅरेजमध्ये बसवलेल्या संचाला ते बदलता येत नाहीत, आणि सगळेच बदलायचे ठरवले तर त्या खर्चात मूळचीच टर्बो मोटार येते. नुसता संगणकाचा नकाशा बदलून दाब वाढवणे सोपे दिसते खरे. पण उष्ण प्रदेशासाठी उत्पादकाने राखलेली शिल्लकच त्यात खर्च होते.

तेव्हा निवड करायची ती कारखान्यातून तशाच बाहेर पडलेल्या मोटारींमधून. रोजचा प्रवास, लांब महामार्ग, उन्हाळा आणि पेट्रोलचा खर्च या चारही बाबी विचारात घेणाऱ्याने टर्बो घ्यावा, याबद्दल फारशी शंका उरत नाही. आठवड्यातून एकदा पहाटे ओरछ्याच्या रस्त्याने किंवा सह्याद्रीच्या घाटात गाडी बाहेर काढणाऱ्या, पायाच्या हालचालीला तत्काळ उत्तर हवे असणाऱ्या आणि पेट्रोलचा हिशेब न ठेवणाऱ्या मालकाला जुनी सुपरचार्जर मोटार अधिक आनंद देईल. तिचा पट्टा, पट्ट्याच्या कप्प्या, सुपरचार्जरच्या आतले वेगळे तेल आणि कूलरचा पाण्याचा पंप यांची चौकशी त्याने आधी करावी. हा पंप बंद पडला तरी मोटार चालत राहते, फक्त हवा तापत जाते. विक्रेत्यालाही त्याचा पत्ता नसतो.

टर्बो मोटारीत पाहायचे ते तेल. लाख-दीड लाख फेऱ्यांवर फिरणारा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. तेल वेळेवर बदललेले नसेल तर बेअरिंगला चरे पडतात आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येऊ लागतो. दीर्घ वेगवान प्रवासानंतर टोलनाक्यावर किंवा ढाब्यावर गाडी थांबवताच इंजिन बंद करू नये. मिनिटभर चालू ठेवल्यास तेल आणि पाणी चक्राच्या घराची उष्णता वाहून नेतात. इंजिन आधीच बंद केल्यास घरात अडकलेले तेल करपते. बुंदेलखंडातल्या धुळीमुळे एअर फिल्टरही पुस्तिकेत दिलेल्या अंतराच्या आधी बदलावा लागतो, कारण सर्व हवा त्याच्यातून ओढली जाते आणि फिल्टर तुंबला की चक्राला तेवढा दाब गाठण्यासाठी अधिक वेगाने फिरावे लागते.

वापरलेली मोटार घेताना विक्रेते चाचणीसाठी सकाळची वेळ सुचवतात. रस्ता मोकळा असतो, हवा गार असते आणि दोन्ही जातींची इंजिने आपले उत्तम रूप दाखवतात. झाशीत मोटार वापरायची असेल तर ती दुपारी दोननंतर, वातानुकूलन चालू ठेवून चालवून पाहावी. आधी रहदारीत पंधरा मिनिटे, मग महामार्गावर वेगमर्यादेच्या आत तीन-चार वेळा जोरदार वेग घेऊन. पहिल्या आणि चौथ्या वेळच्या ताकदीत ठळक फरक जाणवला, तर इंजिन आपली उष्णता बाहेर टाकू शकत नाही. मग त्याच्यावर सुपरचार्जर बसवलेला असो की टर्बोचार्जर, ती मोटार न घेतलेलीच बरी.